रुमालातला तिसरा

पाशामियाँ दलाल होते आणि तरी लोक त्यांना मान द्यायचे, यातच सगळं आलं. दलालाला मान देणारं गाव अजून वसायचंय असं म्हणतात. पण येरमाळ्याहून हायवे सोडून आत वळलं की तांबडवाडीचा शेळीबाजार लागतो, तिथं म्हातारीकोतारी माणसंसुद्धा जनावराचं दावं धरून सरळ पाशाभाईच्या बाभळीखाली यायची. दुसऱ्या दलालाकडं बघायचीही नाहीत. कारण एकच होतं. पाशाभाईच्या रुमालाखाली झालेला सौदा पाशाभाईच्या ओठावर कधी आला नाही.

हा बाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. इथं भाव ओरडून ठरत नाही. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरतात, वरून खांद्यावरचा रुमाल टाकतात, आणि आत बोटं बोलतात. कोणतं बोट धरलं म्हणजे काय, हे त्या दोघांनाच ठाऊक. तोंडानं दोघंही ऊन किती तापलंय याच्या गप्पा मारत असतात. सोलापूरच्या व्यापाऱ्यानं काय देऊ केलं ते हैदराबादच्याला कळत नाही, म्हणून दोघंही मनातला खरा भाव सांगतात. हात आखडता घेतला तर जनावर हातचं जातं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं लोक आपले बोलायला बोलतात. इथं त्यावर बाजार चालतो.

अशा माणसाची रुबिना ही एकुलती एक लेक. सोलापूरला शिकून इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरी केली, आणि अम्मी वारल्यावर अब्बाला एकटं टाकवेना म्हणून परत आली. लोक म्हणाले, एवढं शिकून पोरगी परत आली म्हणजे काहीतरी बिनसलं असणार. लोकांचं काय, पाऊस पडला तरी त्यात त्यांना कुणाचा तरी हात दिसतो. रुबिनानं आतेभाऊ सैफला जोडीला घेतलं आणि येरमाळ्यात, येडाई देवीच्या कमानीच्या अलीकडं, टायरच्या दुकानावर दोन टेबलांचं ऑफिस थाटलं. दवाखान्याचे नंबर, शाळेचे निकाल, ढाब्याचं मेनूकार्ड, जे येईल ते करायची. खाली टायर ठोकायचे आणि वर ही दोघं वेबसाइटी ठोकायची.

बाजाराचं काम आणलं कृष्णराजनं. हा बाजार मंडळाचा सचिव, अध्यक्ष रामलिंगआप्पांचा पुतण्या. पांढरेशुभ्र कपडे, हातात दोन फोन, आणि एकावर बोलताना दुसऱ्याकडं बघायची सवय. बकरी ईद दोन-तीन महिन्यांवर आली होती. लांबचे व्यापारी उन्हातान्हात यायला कुरकुर करतात, त्यांना घरबसल्या बोली लावता आली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्याला आधी भाव सगळ्यांना दिसतील अशी उघडी बोली हवी होती. रुबिनानंच हट्ट धरला की बोली झाकलेलीच राहणार. घेणाऱ्यानं आपला भाव फोनवर टाकायचा, तो फक्त जनावराच्या मालकाला आणि त्याच्या दलालाला दिसायचा, बाकी कुणाला नाही. रुमाल होता तसाच राहील, फक्त हात लांबून येईल. रामलिंगआप्पांना हे पटलं. जुन्या माणसांनाही पटलं.

मग ऑफिसात वाद सुरू झाला.

"आपा, नुसती लायब्ररी घेऊ," सैफ रुबिनाला म्हणाला. "फ्रेमवर्क नको."

प्रश्न साधा होता. या धंद्यात सगळेच प्रश्न आधी साधे दिसतात. वेबसाइट बांधायच्या दोन रीती. एक, लायब्ररी घ्यायची. ती फक्त समोरचा पडदा सांभाळते: बटणं, चित्रं, कधी काय दिसावं ते. मागचं सगळं, म्हणजे माहिती कुठं ठेवायची, कुणाला आत घ्यायचं, कुणाला काय दाखवायचं, ते आपलं आपण लिहायचं. दुसरी रीत आख्ख्या फ्रेमवर्कची. त्यात पडद्यापासून कोठारापर्यंत सगळं बांधून तयार येतं. लग्नाला आचारी, मांडव, भांडी आपण गोळा करायची की सरळ मंगल कार्यालय धरायचं, तसलाच हा वाद. कार्यालय धरलं की दगदग वाचते. पण कोणतं दार कुठं उघडतं हे कार्यालय बांधणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

"फ्रेमवर्कमधी मागं ती साइटच्या मालकाची खोली तयारच येती," सैफ सांगत होता. "तिथं बसलं की सगळ्यांच्या बोल्या उघड्या. मागचं आपण लिवलं, तर बोली आल्या आल्या कुलपात टाकता येती. ते कुलूप तुला-मला बी उघडू नये, असं करता येतंय."

"आणि ते कधी लिहून होणार?"

"येळ लागंल."

"ईद तोंडावर आलीय, सैफ."

"ईद दरसाल येती, आपा."

"काम दरसाल येत नाही," रुबिना म्हणाली.

दोघांचंही बरोबर होतं. एकाचं चूक असतं तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. पण ऑफिस रुबिनाचं, पुण्याचा अनुभव रुबिनाचा, आणि पुण्यात ज्या फ्रेमवर्कवर तिचा हात बसला होता ते ती डोळे मिटून चालवू शकत होती. शिवाय तिला एक गोष्ट मनापासून हवी होती, आणि ती कुणाला सांगायची तिला लाज वाटत होती. ईदच्या आधीच्या मोठ्या बाजारात अब्बा बाभळीखाली बसलेत, हातात फोन आहे, आणि चार माणसं म्हणतायत, हे पाशाभाईच्या लेकीनं केलं. पोरीला शिकवून काय मिळवलंस, असं ज्यांनी अब्बांना तोंडावर विचारलं होतं, ती माणसं याच बाजारात बसायची. त्यांच्यासाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती.

फ्रेमवर्क ठरलं. मागच्या खोलीचं नंतर बघू, असंही ठरलं. आपल्याकडं "नंतर बघू" म्हणून ठेवलेल्या गोष्टींचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण म्हणताना तोंडाला मोठं गोड लागतं.

काम झपाट्यानं झालं. पडदा इतका देखणा उतरला की सैफही गप्प बसला. रुबिना फोन घेऊन घरी गेली, तेव्हा पाशामियाँ ओट्यावर बसून चहा बशीत ओतत होते. त्यांच्या घरात बोलणं दखनी, बाजारात मराठी, आणि महत्त्वाचं काही असलं की दोन्हीची भेळ. त्यांनी चष्मा लावला, फोनवर बोकडांचे फोटो वरखाली करून पाहिले, दोनदाती, म्हणजे कुर्बानीच्या वयाचा, बोकड नुसत्या फोटोवरून ओळखून दाखवला आणि खूश झाले. मग खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी फोनवर टाकला, लेकीचा हात धरून रुमालाखाली घेतला.

"आता सांग बेटा. यात कोण कोण?"

"घेणारा आणि तुम्ही. आणि जनावराचा मालक. बस्स."

"आणि तू?"

"मी कशाला बघू, अब्बा?"

"बघत न्हाईस, का बघता येत न्हाई?"

म्हातारा शाळेत चौथीच्या पुढं गेला नव्हता. पण ज्या प्रश्नावर ऑफिसातल्या दोघांनी आठवडा घालवला होता, नेमका तोच त्यानं विचारला. रुबिनाचा हात रुमालाखाली त्यांच्या हातात होता, आणि तिला वाटलं, तो आता काढून घेतला तर बरं दिसणार नाही. मोठा बाजार झाला की आपण ती खोली बंद करणारच आहोत, मग आत्ता सांगितलं काय आणि नंतर काय, असंही तिला वाटलं. स्वतःला फसवायचं ठरवलं की माणसाला कारणं शोधावी लागत नाहीत, ती आपण होऊन दारात उभी राहतात.

"बघता येत नाही, अब्बा," ती म्हणाली.

"हौ," पाशामियाँ म्हणाले आणि त्यांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

दुसऱ्या दिवसापासून ते फिरायला लागले. शेजारच्या वाशीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या वस्त्यांवर, माळावरच्या शेळीवाल्यांकडं, जिथं जिथं त्यांच्या ओळखीची जनावरं होती तिथं. कुणाला फोन कळत नव्हता, कुणाला कळत होता पण भरवसा नव्हता. पाशामियाँ फोन कसा चालतो ते सांगत बसायचेच नाहीत. भाव कुणालाच दिसत नाही, माझी जबान आहे, एवढंच म्हणायचे. द्वारकाबाईनं तर त्यांना त्यापुढं बोलूही दिलं नाही. नवऱ्यामागं शेळ्यांवर घर चालवणारी बाई. ईदसाठी एक बोकड वर्षभर लेकरासारखा पोसला होता.

"पाशाभाव, तुमी म्हणताव तर टाकते की माझा बोकड त्या फोनात," ती म्हणाली. "म्या काय फोनाला वळखत न्हाय. तुमाला वळखते."

इकडं कृष्णराजनं रुबिनाचं डोकं उठवलं होतं. नवा व्यापारी आला की नाव चढवा, कुणाचा नंबर चुकला की दुरुस्त करा, जरा म्हणून दम नाही. एकदा ती कळंबला एका दवाखान्याचं काम करत बसली होती आणि याचा फोन वाजतच राहिला. शेवटी वैतागून ती म्हणाली, थांबा, तुम्हालाच आत जायला देते, तुमचं तुम्ही करा. मागच्या खोलीत कुणी किती पाहायचं हे ठरवायची सोय त्या फ्रेमवर्कमध्ये होती. नावं चढवता येतील पण बोल्या दिसणार नाहीत, असं करता आलं असतं. त्यासाठी नीट बसून एकेक गोष्ट ठरवावी लागली असती. नाहीतर एकच खूण करायची: याला सगळं. समोर डॉक्टर घड्याळ बघत होते. रुबिनानं ती खूण केली. मोठा बाजार होऊ दे, मग कमी करू, असं तिनं मनात म्हटलं, आणि कृष्णराज पुन्हा फोन करेनासा झाला याचं तिला बरं वाटलं.

पहिला बाजार झोकात झाला. हैदराबादचे अल्ताफभाई, सोलापूरचे जुने व्यापारी, सगळ्यांनी घरबसल्या बोल्या लावल्या. मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये रामलिंगआप्पांनी रुबिनाला शाल-नारळ दिला. कृष्णराजनं भाषण केलं आणि त्यात पारदर्शकता हा शब्द इतक्यांदा घेतला की पहिल्या रांगेतले म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. पाशामियाँ मागं उभे होते. लोक वळून त्यांच्याकडं बघत होते, आणि ते उगाचच एका बोकडाचे दात तपासत होते. लेकीला ते दिसलं. तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि तिच्या आनंदात खोट काढायचं काही कारण नाही. तो खराच होता.

वाईट झालं ते पुढं. उमरग्याकडचा एक व्यापारी, कृष्णराजचा मेहुणा, दर आठवड्याच्या बाजारी बोली संपता संपता यायचा आणि सगळ्यात वरच्या भावाच्या अगदी किंचित वर आपला भाव टाकायचा. एकदा झालं, लोक म्हणाले, नशीब. पुन्हा झालं, म्हणाले, अंदाज चांगला आहे. पण नशिबालाही कधीतरी सुट्टी लागते, याचं कधी चुकेचना. लांबचे व्यापारी काही दूधखुळे नव्हते. आपला भाव कुणीतरी वाचतंय म्हटल्यावर त्यांनी खरा भाव सांगणं सोडलं, आणि मग बोली लावणंच सोडलं. मैदान मोकळं झाल्यावर मेहुण्यानं भाव पाडले. ईदच्या आधीच्या मोठ्या बाजारात, ज्या बाजारासाठी वर्षभर जनावर सांभाळायचं त्याच बाजारात, चांगली चांगली बोकडं मातीमोल गेली. त्यात द्वारकाबाईचाही बोकड होता.

त्याच दुपारी अल्ताफभाईंचा रुबिनाला फोन आला. पाशामियाँशी त्यांचा वीस-पंचवीस वर्षांचा घरोबा.

"बेटी, हमारी बोली कोई पढ रहा है," ते म्हणाले. "रुमाल में तीसरा कौन है?"

असं होणं शक्य नाही, असं ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिनं मागची खोली उघडली. कृष्णराज त्या घडीलाही आत होता. तिनं त्याला बाहेर काढलं. सैफ शेजारी उभा राहून बघत होता. म्हटलं होतं की नाही, असं तो म्हणाला असता तर तिला त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं.

"अब्बांना सांग," एवढंच तो शेवटी म्हणाला. "लोकांनी सांगायच्या आधी तू सांग."

संध्याकाळी ती सांगायला म्हणून घरी गेली. पाशामियाँ जेवायला बसले होते. भाकरीचा एकच घास हातात धरून ते बराच वेळ बसून होते. लोक माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघायलेत बेटा, ते म्हणाले, काय झालंय कळंना. रुबिनानं त्यांच्या ताटात कालवण वाढलं. तिला धीर झाला नाही. उद्या सांगू, तिनं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मंडळानं बैठक बोलावली.

बाजाराचा हिशोब सरळ होता. रुमालात दोघं असतात, घेणारा आणि दलाल. घेणारा आपला भाव आपण होऊन फोडणार नाही, आणि मालक आपल्याच जनावराचा भाव पडू देणार नाही. मग राहिलं कोण? ज्या बाजारात पाशामियाँच्या गप्प राहण्याची शपथ घेतली जायची, तिथं आता त्यांच्याकडं बोट दाखवलं जात होतं. रामलिंगआप्पांनी तोंडानं काही म्हटलं नाही, पण समोर खुर्ची रिकामी असून पाशामियाँना बसाही म्हटलं नाही.

रुबिना उठली. आपल्यासाठी नव्हे, अब्बांसाठी उठली, आणि तिला वाटलं होतं की खरं सांगितलं की सगळं निवळेल. शिकलेल्या माणसाला खऱ्यावर भलताच विश्वास असतो. तिनं फ्रेमवर्क म्हणजे काय ते सांगितलं, मागची खोली सांगितली, कृष्णराजला आत कसं जाता आलं ते सांगितलं, अब्बांचा यात काही संबंध नाही ते सांगितलं. लोक ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की पोरगी फार बोलतेय.

कृष्णराज शांतपणे उठला. एक फोन खिशात ठेवला, दुसरा हातात.

"ताई, कुलूप म्या फोडलं का?"

"नाही."

"चावी कुणी दिली?"

"मी दिली. पण ती नावं चढवायला—"

"मंडळाचा सचिव हाय म्या. मंडळाचं काम म्या बघायचं न्हाय तर कुणी? आता मेव्हणा पावणाच हाय माजा, त्याचा अंदाज बराबर येतोय ह्यो काय माजा गुन्हा हाय व्हय?" शेडमध्ये कुणीतरी हसलं. कृष्णराज हसला नाही. "आता एकच सांगा. माजं सोडा. तुमाला सोताला ह्या बोल्या दिसत हुत्या का न्हाय?"

रुबिनानं अब्बांकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित ती दुसऱ्यांदाही खोटं बोलली असती.

"दिसत होत्या," ती म्हणाली.

"पैल्यापासनं?"

"हो."

पाशामियाँनी मान वळवून लेकीकडं पाहिलं. ते रागानं पाहत नव्हते. रुमालाखाली एखाद्यानं एक बोट धरावं आणि बाहेर आल्यावर भलतंच सांगावं, तेव्हा जसं त्या माणसाकडं बघतात, तसं ते बघत होते. बाजारात त्यांना असं पाहायची वेळ क्वचित आली होती. आणि ज्याच्यावर आली त्याच्याशी त्यांनी पुन्हा सौदा केला नव्हता.

मागून द्वारकाबाईचा आवाज आला. ती भांडायला आली नव्हती, तिचा आवाज रडकाच होता.

"पाशाभाव, तुमी तर माज्या दारात हुबं राहून म्हणले हुताव, कुणालाच दिसत न्हाय म्हणून."

आता पाशामियाँनी नुसतं म्हणायचं होतं, मला लेकीनं तसं सांगितलं. चार शब्द. ते खरे होते, सगळ्यांनी मानले असते, आणि म्हातारा सुटला असता. रुबिना मनातून तेच म्हणत होती, म्हणा अब्बा, म्हणून टाका.

"व्हय," पाशामियाँ म्हणाले. "म्हणलो हुतो. म्या खोटं बोललो, द्वारकाबाई."

"अब्बा, तुम्ही नाही—"

"तू चूप." त्यांनी तिच्याकडं न बघता हात वर केला. "जबान माझी हुती."

आणि ते शेडमधून निघाले. कुणी अडवलं नाही. त्यांना बाजारात येऊ नका असं कुणीही म्हटलं नाही, तसा ठरावही झाला नाही. त्याची गरजच नव्हती. पुढच्या बाजारी ते बाभळीखाली जाऊन बसले आणि ऊन उतरेपर्यंत तिथं एकही दावं आलं नाही. द्वारकाबाई लांबून दोन शेळ्या घेऊन गेली. तिनं पदर पुढं ओढला होता. त्यानंतर ते गेले नाहीत.

कृष्णराज सचिव राहिला. त्याच्या मेहुण्याचा धंदा वाढला. मंडळानं वेबसाइट काही बंद केली नाही, फक्त रुबिनाकडून काढून घेऊन लातूरच्या एका माणसाला दिली. त्यानं एका दुपारात सगळं ताब्यात घेतलं. कुणाचंही काम कुणालाही उचलता येतं, हा तर फ्रेमवर्कचा मोठा गुण. वाद घालताना रुबिनानंच तो सैफला सांगितला होता. आता बाजार भरतो, बोल्या येतात, आणि सगळ्यांना माहीत असतं की आत कुणीतरी बघतंय. माणसं त्याला हळूहळू सरावली. पूर्वी कसं चालायचं हे सांगणारे म्हातारे आहेत, पण त्यांचं ऐकतो कोण.

घरात पाशामियाँ लेकीला एका शब्दानंही बोलले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते वेळेवर जेवायचे, नमाजाला जायचे, चहा झाला का विचारायचे. फक्त तिनं काही सांगितलं की पूर्वीसारखं हौ म्हणायचे नाहीत. मान हलवायचे. तिनं आज भाजी काय केली हे सांगितलं तरी झाकण उचलून बघायचे. बहुधा त्यांच्या लक्षातही येत नसावं. तिच्या मात्र दरवेळी येत होतं.

ऑफिसला कामं येईनाशी झाली. शेळीबाजारातली पोरगी म्हटलं की लोक फाइल परत मागायचे. मग एक दिवस, ती घरीच असताना, फोन आला. कर्नाटक सीमेकडच्या कुठल्याशा बाजाराचा सचिव होता. आवाजात मोठी अदब.

"तांबडवाडीला जे केलंय न्हवं, तसलंच आमाला पायजे, मॅडम. कुणी केलंय ते नाव काय कळलं न्हाय, नंबर तेवढा भेटला. बोली झाकलेली, बरं का, लोकांना झाकलेलीच आवडती. पण ते मागनं सगळं दिसतंय म्हनं, ते आदी पायजे. त्याच्याबिगर काय उपेग न्हाय."

सैफला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, त्यांना आपण लायब्ररी घेऊन करून देऊ, पक्क्या कुलपाचं. पण ते लोक कुलूप विकत घ्यायला आले नव्हते. कळवते म्हणून तिनं फोन ठेवला.

"कोण हुतं?" ओट्यावरून पाशामियाँनी विचारलं.

यावेळी ती खरं बोलली. काम कसलं ते सांगितलं, मागची खोली हवीच म्हणतात तेही सांगितलं. पाशामियाँ समोरच्या रस्त्याकडं बघत राहिले. बाजाराचा दिवस होता. टेम्पोतून बोकडं ओरडत चालली होती. ऑफिसचं भाडं थकलेलं त्यांना ठाऊक होतं; आपण आता घरी बसलो हेही ठाऊक होतं.

"करणार?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगाल तसं, अब्बा."

"कर," ते म्हणाले. "पोटाला लागतंच. पण तू पाशामियाँची लेक हायस म्हणून तिथं सांगू नको."

ते उठून आत गेले. रुबिनानं तोच नंबर लावला. पलीकडचा माणूस खूश झाला, कधी येताय म्हणाला, जेवायलाच या म्हणाला, आणि आपल्याकडं विचारतात तसं सहज विचारलं, "गाव कंचं म्हणायचं, मॅडम? कुणाच्या तुमी?"

"पुण्याची," रुबिना म्हणाली. "इथं माझं कुणी नाही."